दिग्विजयरावांचा डॅश एन

पणदऱ्याच्या दूध संस्थेतला जुना प्रोग्राम दुधाचं फॅट मोजायच्या यंत्राकडं बघतच नव्हता. सभासदाचा वर्षापूर्वी नोंदवलेला आकडाच रोज दाखवायचा. सरूबाईनं गाय विकून म्हैस घेतली, तरी संस्थेच्या लेखी ती गाईचंच दूध घालत होती. ओरडून तिचा घसा बसला. बसलेल्या संचालकांपैकी एकही उठला नाही.

शेवटी बारामतीच्या संगणकवाल्या मेघनानं प्रोग्राम दुरुस्त केला. लॅपटॉपवर 'मेक' ही आज्ञा दिली, की तो तयार होऊन लगेच चालू होणार होता. चेअरमन दिग्विजयराव आडवे आले.

"मुहूर्ताआधी काय बी तयार करायचं न्हाय. बटण मीच दाबणार. पण तालीम घ्या, फोटोत चुकाय नको."

मेघनानं आज्ञेला 'डॅश एन' जोडला. तेवढा जोडला, की संगणक काय काय करणार ते नुसतं पडद्यावर लिहून दाखवतो. करत काहीच नाही. संस्थेच्या कारभाराची सवय असलेल्या दिग्विजयरावांना तालीम फार आवडली.

मुहूर्ताला मेघना यायच्या आतच लॅपटॉपला हार घालून कुंकू लावलं होतं.

"साहेब, तेवढा डॅश एन काढायचाय."

"आता हात न्हाय लावायचा! पूजा झालीया त्याची."

नारळ फुटला, बटण दाबलं, ओळी सरसर धावल्या, टाळ्या पडल्या. दिग्विजयराव भाषणाला बाहेर गेले. आत सरूबाईनं दूध घातलं.

"अगं मेघना, माझी म्हैस अजून गायच हाय की!"

"थांबा मावशी."

मेघनानं हार बाजूला केला, डॅश एन खोडला आणि बटण दाबलं. पुन्हा दूध घातल्यावर आकडा चढला.  सरूबाई आकड्याकडं बघत पदरानं किटली पुसत राहिली.

पाठोपाठ दिग्विजयरावांच्या गोठ्यातलं दूध आलं. वर्षभर त्याला गावात सगळ्यात जास्त फॅट. आज आकडा सरूबाईच्या विकलेल्या गाईच्याही खाली गेला. रांग आकडा बघायला पुढं सरकली.

"चेअरमनसायब," रांगेतले म्हातारे अप्पा दारातूनच ओरडले, "गोठ्यात म्हैस बांधलीय का हापसा?"

दिग्विजयराव माईक टाकून आत आले. "मगाशी चांगलं चाललं हुतं! पोरी, ते काढलेलं परत घाल!"

"घालते, साहेब."

तिनं डॅश एन जोडला. बटण त्यांनी स्वतः दाबलं. ओळी सरसर धावल्या. नवा प्रोग्राम होता तिथंच राहिला.

"आता कसं!" म्हणत दिग्विजयराव गाडीत बसले.

मेघनानं लॅपटॉपला पुन्हा हार घातला आणि रांगेला बजावलं, "आता कुणी हात लावायचा नाही. पूजा झालीय."