बसूअण्णांना खाली माणूस लागतो

आमचे शेजारी बसूअण्णा झाडाची पानं चावून बघायचे. आवडीनं नव्हे, कुत्र्यासाठी. कुंपणापलीकडून हाक यायची, "मास्तर, पान चावलंय. या, बसा." मग दिवसभर सातवी ब सांभाळून शिणलेला मी चहाचा कप घेऊन त्यांच्या पुढच्या सोप्यात जाऊन बसायचो. अण्णांचे डोळे फिरलेच, तर रिक्षा मी आणायची होती.

अण्णा निवृत्त वायरमन. "आधी टेस्टर लावायचा, मग हात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कलिंगडापासून जावयापर्यंत सगळ्यांना ते लागू होतं. कुत्र्याचं नाव फ्यूज.

मोबाईलचं इनकमिंग फुकट झालं त्या सुमारास त्यांच्या लेकीनं बेंगळुरूहून एक एअर प्लांट आणला. माती नाही, कुंडी नाही, नुसता हवेवर जगणारा. तिनं तो सोप्यात तारेला टांगला, अधूनमधून पाण्यात बुडवायला सांगितलं आणि ती परत गेली. गल्लीनं त्याला बांडगूळ ठरवलं. फ्यूजनं खाऊ ठरवला.

"उंच टांगा की," मी म्हटलं.

"फ्यूज हाय, उडणारच."

"मग काढून टाका."

"लेकीनं दिलंय न्हवं. इषारी हाय का तेवढं बघू. मी टेस्टर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक पान. मला अक्षरशः वैताग आला होता. फ्यूज पायाशी घोरायचा आणि अण्णा खांबावरच्या गोष्टी सांगायचे. "एकट्यानं चढायचं न्हाय, मास्तर. खाली एक माणूस पाहिजे. त्यानं करायचं काय न्हाय, नुसतं वर बघायचं." घरात बल्ब बदलायचा असला तरी स्टुलापाशी आक्का, म्हणजे त्यांची बायको, उभी असायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं.

एकदा शाळेजवळ जनावरांचे डॉक्टर भेटले. त्या झाडाचं मी कंटाळून विचारलंच.

"विषारी न्हाय ते. खाल्लं तर कुत्रं ओकंल फार तर. मोठा तुकडा घशात अडकू देऊ नका, बास. लेक परत गेली त्याच आठवड्यात अण्णांना सांगितलंय की मी. दोनदा."

मी तावातावानं निघालो. आज स्पष्ट बोलायचंच. घराशी पोचलो तर अण्णा कुंपणाशी उभे होते. मागं सोप्यात दोन खुर्च्या मांडलेल्या, माझ्या खुर्चीवर उशी. राग कुठल्या कुठं गेला.

"मास्तर, पान चावलंय."

मी जाऊन बसलो. तारेवरच्या झाडाला पार टक्कल पडलं होतं. जेमतेम दोन पानं उरली होती.

"अण्णा, हे संपल्यावर?"

ते फ्यूजचे कान चोळू लागले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "परसात कढीपत्ता हाय की."

"त्याची तर खात्री करायलाच पाहिजे," मी म्हटलं आणि उशीला टेकलो.