आनोनचा भक्तिभोंगा

"यंदा गावाला जाताना गाडी मी चालवणार!" आनोनने जेवता जेवता जाहीर केलं, आणि सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

गोष्टच तशी होती. सासरे इन्थोन म्हणजे जुने बसड्रायव्हर. उभा जन्म बँकॉक ते लाम्पांग गाडी हाकलेली! दर वर्षी सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाच्या पाणी उडवायच्या सणाला, मंडळी सासऱ्यांच्या गावी निघाली की चाक त्यांच्याच हातात. पिकअप आनोनची, डिझेल आनोनचं, आणि आनोन कुठे? मागच्या सीटवर, आंब्यांची पाटी मांडीवर घेऊन!

"कच्च्या माणसाच्या हाती मी घाटात गाडी देत नाही," सासरे म्हणाले.

हे 'कच्चा' आनोनला फार झोंबायचं. आमच्याकडे तरुणपणी पांढऱ्या कपड्यांत वाजतगाजत विहारात जाऊन दीक्षा घेतली, मुंडण करून, चीवर नेसून थोडे दिवस तिथे राहून आला तो पुरुष पक्का. आनोनचं ते राहूनच गेलं होतं. आधी परीक्षा, मग सरकारी कचेरीतली नोकरी, मग मालीवानशी लग्न. आता कानशिलावरचे केस पिकायला लागले, तरी सासऱ्यांच्या लेखी जावई कच्चा तो कच्चाच.

"अहो बाबा, पण झालं काय इतकं?"

"झालं काय? घाटातल्या देवस्थानापुढे तीनदा हॉर्न द्यायचा असतो. मागे एकदा चाक दिलं, तर साहेब गप्पा मारत सरळ पुढे! पुढच्या वळणावर टायर गेला की नाही?"

"गेला. पण यंदा माझ्याकडे औषध आहे!"

आनोनला प्रवासातल्या यंत्रांचं भयंकर वेड. त्याच्या गाडीत पाठ चेपणारं आसन होतं, डुलकी लागली की ओरडणारं कानातलं होतं, टायरमध्ये हवा भरणारा पंप होता आणि पाणी कोमट करणारा फ्रीजही होता. पण या खेपेची खरेदी या सगळ्यांच्या वरताण! पुढे एक कॅमेरा बसवायचा. रस्त्याकडेला देवाचं घर दिसलं, की तो आपला आपण तीनदा हॉर्न वाजवतो. मालीवानने त्याचं नाव ठेवलं भक्तिभोंगा.

सासऱ्यांनी ते यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "बरं. देवाला एकदाही न विसरता गावात पोचवलंस, तर चाक कायमचं तुझं."

"शब्द?"

"इन्थोनचा शब्द!"

निघायच्या दिवशी आनोनने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला. चाकावर बसायचं म्हणजे काय थट्टा आहे! मागे मालीवान विहारात वाहायची कमळं सांभाळत बसली. शेजारी सासूबाई सायखाम, मांडीवर भंतेंना दान द्यायचं नवं कोरं चीवर घेऊन. सासरे पुढे, हाताची घडी घालून.

घाट आला. वळण घेतलं. आनोनने दोन्ही हात चाकावर मुद्दाम घट्ट धरले. सासऱ्यांना दिसले पाहिजेत ना!

पों! पों! पों!

देवस्थान मागे पडलं. सासूबाईंनी हात जोडले. सासऱ्यांनी हाताची घडी सोडली. मग हळूच म्हणाले, "ठीक आहे."

ठीक आहे! इन्थोनच्या तोंडून! आनोनची छाती अशी फुगली की पट्टा रुतायला लागला. जन्मात इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता. "पाहिलंत ना बाबा? माणूस विसरेल, यंत्र विसरत नाही!"

खरंच विसरत नव्हतं. घाट उतरून डिझेल भरायला थांबले, तर पंपाच्या कोपऱ्यात खांबावर देवाचं छोटं घर. पों! पों! पों! पंपावरची पोरगी दचकली आणि नळी तिच्या हातातून निसटली. पुढे बँक. बँकेच्या दारातही देव. पों! पों! पों! मग हॉटेल, मग लाकडाची वखार, मग एका म्हाताऱ्याने अंगणात टांगलेला कबुतरांचा खुराडा!

"कबुतरं कधी देव झाली?" सासऱ्यांनी विचारलं.

"लांबून सारखंच दिसतं हो बाबा."

"बंद कर बाई ते," मालीवान कानात बोटं घालून म्हणाली. आनोनने बटण दाबलं. एकदा, दोनदा, मुठीने. भोंगा ढिम्म! उलट सासूबाईच चिडल्या. "सणासुदीला देवाला नमस्कार करणारं यंत्र बंद करतोस? लाज नाही वाटत? असू दे चालू!"

तेवढ्यात गाव लागलं. आता आमच्या गावात दर घरापुढे खांबावर देवाचं घर असतं, हे आनोनला माहीत नव्हतं थोडंच! दर वर्षी बघत होता. पण यंत्र घेताना आठवेल तर शपथ!

पों पों पों! पों पों पों! पों पों पों! श्वास घ्यायला सवड नाही. सण असल्यामुळे गाव घरातच होतं. पाण्याच्या बादल्या, घमेली घेऊन माणसं बाहेर धावली. एवढी वाजतगाजत गाडी येतेय म्हणजे नक्कीच मिरवणूक! सगळ्यांत पुढे शेजारच्या नोईमावशी. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. कमळं. कोरं चीवर. पांढऱ्या शर्टातला, घामाने निथळणारा जावई.

"अगंबाई! जावईबापू दीक्षा घेताहेत!"

"नाही हो मावशी, मी फक्त..." पों पों पों!

"काय म्हणतो?"

"अहो, मी नाही..." पों पों पों!

"लाजतोय बिचारा! अरे ढोल आणा रे!"

ढोल आले, झांजा आल्या, बाया नाचायला लागल्या. आनोनला खाली ओढून कुणीतरी खांद्यावर घेतलं, वर डोक्यावर छत्री धरली आणि बादल्याच्या बादल्या ओतल्या. त्याने काकुळतीला येऊन सासऱ्यांकडे पाहिलं. गाव ज्याचं ऐकेल असा हा एकच माणूस!

इन्थोननी गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली, तसा भोंगा थांबला, आणि ते पिकअपच्या फळीवर चढले. हात वर केला. गर्दी शांत झाली.

"मंडळी," ते म्हणाले, "होय! माझ्या जावयाची दीक्षा आहे! चला विहारात!"

सासूबाई ढसाढसा रडायला लागल्या. मालीवान नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघत होती, की लग्नातसुद्धा तिने तसं पाहिलं नव्हतं. आता या माणसाने 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणावं?

"ऑफिसची रजा..." तो पुटपुटला.

"दीक्षेला सरकार हक्काची रजा देतं," मालीवान म्हणाली. "मी उद्याच फोन करते!"

विहारात मोठे भंते तयारच होते. आवाज त्यांना मघापासून ऐकू येत होता. केस गेले. भुवया गेल्या. सासूबाईंच्या मांडीवरचं चीवर आनोनच्याच अंगावर आलं. आरशात पाहिलं तर त्याला स्वतःची ओळख पटेना! पण खरं सांगायचं तर पायरीवर येऊन उभा राहिला, अख्ख्या गावाचे हात जोडलेले पाहिले, तेव्हा त्याला घाटातल्यापेक्षाही जास्त अभिमान वाटला.

आणि मग गर्दीतून इन्थोन पुढे आले. आनोनच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावून तीनदा नमस्कार केला. सासऱ्याने! जावयाला! आनोनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भंते, आजपासून आपण पक्के," इन्थोन म्हणाले. खिशातून गाडीची किल्ली काढून दोन्ही हातांनी पुढे धरली. "शब्द दिला होता. देवाला एकदाही विसरला नाहीत. चाक आपलं!"

आनोनने हात पुढे केला.

मोठे भंते खाकरले. "चीवर अंगावर असेपर्यंत भिक्खूने गाडी चालवायची नसते."

"ठाऊक आहे भंते," इन्थोन किल्ली परत खिशात टाकत म्हणाले, "म्हणून तर आत्ताच दिली!"