गहाळ दोन जीबीची चौकशी

पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्ण मिळालीच पाहिजे, असं मानणारा माणूस सज्जन असतो. तोच सोसायटीच्या कमिटीवर निवडून आला की धोकादायक होतो.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीने ऑफिससाठी लॅपटॉप घेतला. खोक्यावर मेमरी आठ जीबी. पण सेक्रेटरी विमला परब यांनी सेटिंग उघडून पाहिलं, तर तिथे 'वापरण्याजोगी ५.९' असं स्वच्छ लिहिलेलं. खरेदी अंबादास गायकवाडांनी केली होती. पस्तीस वर्षं पोस्टात काढून एकही पत्र न हरवलेला माणूस. तरीही (किंवा त्यामुळेच) नोटीस त्यांनाच गेली.

चौकशी समिती नेमली. सभासद तीन, बैठका चार, निष्कर्ष शून्य. दुसऱ्या बैठकीत लॅपटॉप भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. वजन बरोबर भरलं, त्यामुळे संशय आणखी बळावला. अंबादास जिन्यात खाली मान घालून जाऊ लागले.

शेवटी त्यांची सून श्रुतिका मालाडच्या ऑफिसातून सुट्टी टाकून सभेला आली.

"काकू, बाबांनी काही खाल्लं नाहीये. याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावर चित्र उमटवणारी चिप आहे ना, तिला स्वतःची मेमरीच नाही. म्हणून ती या आठातले दोन आधीच बाजूला काढते."

"कोणाला न विचारता?"

"हो. पण कमी करता येतात. करू?"

तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आतल्या सेटिंगमध्ये दोनाचा अर्धा जीबी केला. आकडा ७.४ वर गेला. टाळ्या पडल्या. (उरलेल्या अर्ध्यासाठी उपसमिती सुचवली गेली; अनुमोदक मिळाला नाही.)

विमलाताई उठून उभ्या राहिल्या. "भाऊ, चुकलं माझं."

"असू दे, वहिनी," अंबादास म्हणाले. "फक्त महिनाभर कोणी कॅरमला बोलावलं नाही, त्याचं वाईट वाटलं."

त्याच संध्याकाळी चार डाव झाले. अंबादासांनी चारही जिंकले.

मग जागरूक सभासद आपापल्या घरी गेले. घरं विकत घेताना साडेसहाशे चौरस फुटांची होती, आत राहायला चारशे दहाची आहेत. मधले दोनशे चाळीस कुठे गेले, हे बावीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही. हसू नका. तुमचं घर शेवटचं कधी मोजलंत?