मोठ्या गटाचा पूल

आमच्या गावचा नदीवरचा पूल बालवाडीचा मोठा गट रोज सकाळी बांधतो आणि शाळा सुटताना उतरवून पेटीत भरतो. काम चोख असतं. खाली रुंद नसेल तर वरचं पडतं, हे पोरांनी मनोरे पाडून पाडून स्वतःच शोधलंय. आधी कळस मग पाया ही खोड आमच्याकडे फक्त मोठ्या माणसांना.

अडचण एकच. गटातल्या तनुजाचे पप्पा, संपत, पलीकडच्या साखर कारखान्यात कामाला. पाळी संध्याकाळी सुटते, तोवर पूल पेटीत. रविवारी त्याला सुट्टी, पण बालवाडीलाही सुट्टी. नोकरी लागली त्या सकाळी पूल ओलांडला, तो बिचारा पलीकडेच राहिलाय.

तनुजा बालवाडीच्या कुंदाताईंना म्हणाली, "ताई, आजच्या दिवस पूल राहू दे ना."

"ज्यानं मांडलं त्यानं आवरायचं, बाळा."

सरपंचांनी रदबदली केली. "अहो ताई, पोरगी बापासाठी झुरतीय."

"पुरं झालेलं काम रोज आवरायचं, हा ठराव तुमच्याच पंचायतीचा आहे. अर्धवट काम तेवढं मोडायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी पुरं करायचं."

दुसऱ्या दिवशी तनुजाने मधला ठोकळा बसवलाच नाही. घंटा झाली. "अजून व्हायचाय," ती ताईंना म्हणाली. पूल राहिला.

संध्याकाळी संपत धावत आला. मध्ये माणूसभर फट, खाली पाणी, आणि अलीकडच्या टोकाला लेक. त्याने तिच्याकडे हात टाकले आणि आडवा झाला. पाय कारखान्याच्या बाजूला राहिले. फटीत तो अगदी बरोबर बसला. तनुजाने शिकवल्याप्रमाणे आधी एक पाय टेकवून दाबून पाहिलं.

"हलत नाही," असं म्हणून ती त्याच्या पाठीवर बसली आणि हसत सुटली. खरं सांगतो, आम्हा सगळ्यांना भरून आलं.

ताईंनी डोळे पुसले. "म्हणजे पूल पुरा झाला."

मुलांना घरून बोलावलं, आवरायचं गाणं झालं, ठोकळे पेटीत गेले. संपतला पेटीतच कडेला नीट जागा केली.

आता तो रोज पुलाच्या मधोमध असतो. कारखान्याने त्याला प्रतिनियुक्तीवर दाखवलंय. शाळेची वस्तू घरी न्यायची नसते हे तनुजाला ठाऊक आहे, त्यामुळे ती हट्ट करत नाही. आई तिच्याबरोबर दोन डबे देते. मधल्या सुट्टीत ती पुलावर मांडी घालून बसते आणि आधी पप्पांना भरवते.