एक निरोप, सात घोडे

निकिताच्या लग्नादिवशी आपण फोनला हातसुद्धा लावणार नाही, असं महारुद्र बिराजदारांनी चारचौघांत सांगून टाकलं. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. उमरग्यात हायवेच्या कडेला महारुद्रांचं मंगल कार्यालय होतं आणि बारा वर्षं ते त्यांच्या एका फोनवर चाललं होतं. कुणाला कधी बोलवायचं, कुणाला काय सांगायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. मागच्या उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला, तेव्हा अक्षता पडल्यावर बँडवाल्याला 'थांब' म्हणणारं कुणी नव्हतं. तो बिचारा दिवस मावळेपर्यंत वाजवत बसला होता.

म्हणून त्यांच्या भाचीनं मनावर घेतलं. हर्षाली पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि दोन महिने घरूनच काम करायला उमरग्याला आली होती. तिनं मामांना समोर बसवून समजावलं, की मोठ्या कंपन्यांत एकच माणूस सगळं बघत नाही. एकेक काम म्हणजे एकेक सेवा. घोडेवाला ही एक सेवा, आचारी ही एक, किराणा ही एक. प्रत्येकानं करार लिहून द्यायचा, की मला हे कळवा, मी ते देतो. कोण काय देतो याची एक यादी ठेवायची. आणि इकडचा निरोप तिकडं न्यायला मधे एक प्रोग्राम. त्याचं नाव तिनं 'निरोप्या' ठेवलं होतं.

"म्हणजे ईरण्णा आचाऱ्यानं जैनोद्दीन घोडेवाल्याला वळखायचंच न्हाय?" महारुद्रांनी विचारलं. ते दोघं बारा वर्षं एका बशीत चहा पीत होते.

"वळखू द्या की मामा. पण कामात एकमेकांवर अडून बसायचं न्हाय. ज्यानं त्यानं आपला निरोप बघायचा, आपलं काम करायचं."

महारुद्रांना निम्मं कळलं. उरलेलं निम्मं त्यांनी गावाला समजावून सांगितलं.

करार असे झाले. आदल्या दिवशी निरोप्या जैनोद्दीनला कळवणार, 'एक घोडा पाठवा'. घोडा दारात आला, की जैनोद्दीननं मोबाईलवर 'घोडा आला' दाबायचं. मग नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जाणार, त्याला पाऊण तास लागतो, म्हणून निरोप्या लगेच ईरण्णाला कळवणार, 'तीनशे माणसांचा भात टाका'. तांदूळ कमी पडला तर ईरण्णानं दाबायचं, की फारुखच्या दुकानातून पोती येणार. ज्याला निरोप गेला त्यानं 'मिळालं' दाबायचं. नाही दाबलं, तर निरोप्या दर पंधरा मिनिटांनी तोच निरोप पुन्हा पाठवणार. हे शेवटचं कलम महारुद्रांना सगळ्यात जास्त आवडलं होतं.

निकिता म्हणजे सास्तूरच्या वीरभद्र अप्पांची मुलगी. अप्पा साधा, घाबरट माणूस. तीनशे माणसांत लेकीचं लग्न नीट व्हावं, पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. सकाळी दहा वाजता महारुद्र नवं जाकीट घालून गेटवर उभे होते आणि अप्पांना सांगत होते, की कालपासून एक फोन केलेला नाही, तरी बघा सगळं कसं आपोआप चाललंय.

तेवढ्यात नळदुर्गाकडून तीन टेम्पो आले आणि त्यांतून घोडे उतरायला लागले. पहिला उतरला तेव्हा महारुद्रांनी अप्पांकडं ऐटीत बघितलं. दुसरा उतरला तेव्हा त्यांना वाटलं, आज गावात आणखी एक लग्न असेल. चौथ्याला त्यांनी मोजणं सोडलं. सात घोडे, सातही सजवलेले, गेटपुढं ओळीनं उभे राहिले. शेवटी जैनोद्दीन उतरला. दमलेला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

महारुद्रांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे काय. जैनोद्दीनलाही काही कळेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. काल दुपारी निरोप आला, एक घोडा पाठवा. थोड्या वेळानं पुन्हा आला, एक घोडा पाठवा. असे सात आले. त्याच्याकडं दोनच घोडे. बाकीचे त्यानं जळकोट, अणदूर पालथं घालून हातापाया पडून आणले होते.

"अरे, पण 'मिळालं' दाबायचं व्हतं ना?"

"दाबलं की मालक. सातबी बारी दाबलं."

हर्षाली लॅपटॉप घेऊन धावत आली. खरं कारण निघालं ते असं, की जैनोद्दीनच्या तबेल्यापाशी रेंज येत-जात होती. निरोप आत येत होता, पण त्याचं 'मिळालं' बाहेर पडत नव्हतं. घोडे शोधायला तो फाट्यावर गेला, तेव्हा कुठं ते सुटलं आणि निरोप्या गप्प बसला.

"मग चुकलं कोण?" महारुद्रांनी विचारलं.

हर्षालीनं स्क्रीन नीट बघितली. "कुणीच न्हाय, मामा. सगळ्यांपुढं हिरवी खूण दिसतीय."

तोवर वीरभद्र अप्पा गोरेमोरे झाले होते. नवरदेवाच्या चुलत्यांनी त्यांना गाठून विचारलं होतं, की नवरदेव तर एकच आहे, मग बाकीचे सहा कुणासाठी. अप्पांनी हात जोडले. महारुद्रांना त्यांची दया आली आणि तोंडाला येईल ते त्यांनी बोलून टाकलं, की आमच्याकडं मामा-काकांनाही घोड्यावरूनच मारुतीला नेतात.

मग सगळेच, हे आधीच ठरलं होतं असं वागले. सहा मामा-काका धोतरं सावरत घोड्यांवर बसले. बँड लागला. पण हायवेला उसाचा ट्रक उभा होता आणि अणदूरचा घोडा तिथून हलेना. त्याचं बघून दुसरे दोन थांबले. पाऊण तासाच्या कामाला पावणेदोन तास लागले.

इकडं महारुद्र पाणी प्यायला म्हणून मागं गेले आणि दारातच थबकले. भटारखान्यात सात चुलाणं पेटली होती. ईरण्णा घामानं निथळत होता आणि फारुखच्या दुकानाची पोती अजून उतरतच होती. जैनोद्दीन प्रामाणिक माणूस. सात घोडे आले म्हणून त्यानं सातदा 'घोडा आला' दाबलं होतं, आणि निरोप्यानं सातदा तीनशे माणसांचा भात सांगितला होता.

"तुला काहीच वाटलं न्हाय व्हय रे, ईरण्णा?"

"वाटलं की मालक. पण इचारायचं न्हाय असं ताईंनी सांगितल्यालं."

अक्षता पडल्या, तीनशे माणसं जेवून उठली, आणि सहा चुलाणांवरचा भात तसाच राहिला. तेव्हा वीरभद्र अप्पाच उठले. ते हायवेला जाऊन उभे राहिले आणि ट्रक थांबवून ड्रायव्हरांना लेकीच्या लग्नाला जेवायला बोलवायला लागले. महारुद्रही जाकीट काढून त्यांच्या शेजारी उभे राहिले. हैदराबादकडं निघालेले, सोलापूरकडं निघालेले, सगळे येऊन जेवले. वरण संपलं तर लोकांनी ताकाशी भात खाल्ला. निकितानं जाताना महारुद्रांच्या पाया पडून सांगितलं, की अप्पांना इतकं खुशीत तिनं कधी बघितलं नव्हतं.

हर्षालीनं त्याच आठवड्यात दुरुस्ती केली. सारखाच निरोप पुन्हा आला, तर निरोप्यानं तो टाकून द्यायचा. महारुद्रांनी तीनतीनदा खात्री करून घेतली.

पुढच्या शुक्रवारी कार्यालयात दोन लग्नं होती. दुपारचं निर्विघ्न पार पडलं. घोडा आला, एकच आला, आणि परतही गेला. संध्याकाळचा नवरदेव मात्र फेटा बांधून तासभर गेटवर उभा होता. दोन्ही लग्नांचा निरोप अगदी सारखा होता: शुक्रवारी, उमरग्याला, एक घोडा. दुसरा निरोप्यानं टाकून दिला होता.

मुहूर्त जवळ आला. महारुद्रांनी आपली स्कूटर काढली, नवरदेवाला मागं बसवलं आणि मारुतीला नेऊन आणलं. नवरदेव सगळ्या वाटेत एका हातानं फेटा धरून बसला होता. परत आल्यावर ते घाईघाईनं भटारखान्यात गेले. चुलाणं थंड. ईरण्णा तांदळाच्या पोत्यावर मोबाईल समोर ठेवून शांत बसला होता.

"अरे, अक्षता पडल्या की माणसं पंगतीला बसणार. भात कुठंय?"

"घोडा कुठं आलाय अजून, मालक?"

महारुद्र त्याच्या शेजारी पोत्यावर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मीच घोडा समज, ईरण्णा. टाक भात."