‘टाक’ म्हणजे हो

लीड्सची सकाळ त्या स्वयंपाकघरात घाईने येत नसे. आधी ती समोरच्या विटांच्या भिंतीवर थबके, तिथला ओलसर तांबूसपणा अंगाला लावून घेई आणि मग खिडकीच्या कडेवर उतरे. तिथे खारवलेल्या काकड्यांची बरणी होती. तिच्यातून पार होताना उजेड हिरवट होई आणि तसाच टेबलावर, पावाच्या चुऱ्यावर, क्षितिजच्या मनगटावर येऊन पडे. त्यात तेज नसे, ऊबही नसे. तरी क्षितिज त्याच्याकडे पाहत बसे, कारण दिवसभरात त्याला काहीही न विचारणारी ती एकच गोष्ट होती.

त्या रविवारी मात्र घरमालकीण बोझेनाबाई लगबगीने आत आल्या आणि पोलिशमध्ये एक लांबलचक प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबल्या.

"टाक," क्षितिज म्हणाला.

‘टाक’ म्हणजे हो. मराठी माणसाला विसरता येणार नाही असा हा एकच पोलिश शब्द त्याच्या पदरी होता. खोली भाड्याने घेतली त्या दिवशी बाईंनी "पानी बोझेना" अशी स्वतःची ओळख करून दिली, तेव्हा त्याने अदबीने पेलाभर पाणी आणून दिले. ‘पानी’ म्हणजे बाई, हे नंतर कळले. ते पाणी पिऊन बाई पोलिशमध्ये ज्या बोलू लागल्या, त्या थांबल्याच नाहीत. नवरा वारलेला, मुले दूर. बिचारीला ऐकणारे कोणीतरी हवे, असे क्षितिजने मनाशी ठरवून टाकले. मध्येच ‘मला समजत नाही’ म्हणणे त्याला क्रूरपणाचे वाटे. बाई श्वास घेण्यापुरत्या थांबल्या, की तो हळूच ‘टाक’ म्हणे. हे पुण्यकर्म त्याने हिवाळाभर केले.

आज त्या पुण्याचे फळ म्हणून बाईंनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि त्याला गाडीत बसवले. गाडी एका चर्चच्या सभागृहापाशी थांबली. दारातल्या माणसाने इंग्रजीत त्याचे मनापासून आभार मानले, तेव्हा कुठे उलगडा झाला. क्षितिज तडक स्वच्छतागृहात शिरला आणि त्याने ब्रॅकनेलला राहणाऱ्या आपल्या मित्राला, गंधारला, फोन लावला.

"गंध्या, मी पोलिश शब्दखेळाच्या मॅचला आलोय."

"बघायला?"

"खेळायला! यांच्या टीममधल्या मारेकला फ्लू झालाय. चौथा माणूस नसेल तर टीम बाद. आणि मी सकाळी हो म्हणून बसलोय."

"अरे मग सांग ना सरळ, सॉरी, मला येत नाही म्हणून!"

"कसं सांगू? मग त्यांना कळेल, की इतके महिने त्या भिंतीशी बोलत होत्या."

"भिंत बरी रे, ती निदान हो हो तरी करत नाही," गंधार हसता हसता ठसकला. "टाक म्हणालास ना? मग आता टाक!"

सभागृहात पाऊल ठेवताच क्षितिज स्तब्ध झाला. कधीकाळी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झालेला, लाकडी अक्षरे जुळवून पटावर शब्द मांडायचा हा खेळ आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला होता. न्यूकॅसलहून माणसे आली होती, हल शहरातून आली होती. गोदामात खोकी उचलणारे हात लाकडी अक्षरे फुलासारखी ठेवत होते. शेजारच्या पटावर बस चालवणाऱ्या एका बाईने ‘झूव्च’ हा शब्द मांडला. त्याच्या प्रत्येक पोलिश अक्षरावर एकेक टिंब नाही तर रेघ होती. आख्खी रांग उठून उभी राहिली. शब्दाचा अर्थ होता पित्त. पण देवळात दिवा लागावा तशी शांतता त्या क्षणी पसरली. परमुलखात माणसे आपली भाषा अशी तळहातावर घेऊन बसतात, हे पाहून क्षितिज त्या पटापाशीच रेंगाळला. पण लगेच त्याची पाळी आली.

समोर शेफील्डचे रिशार्ड होते. मिशा भरघोस, मुद्रा परीक्षकाची. क्षितिजने घरी मेसेज लिहितात तशा रोमन अक्षरांत मराठी जुळवायला सुरुवात केली. ‘मामा’ टाकला, तो निघाला आई. ‘बाबा’ टाकला, ती निघाली म्हातारी. ‘करा’ म्हणजे शिक्षा निघाली. भीत भीत ‘दार’ लावले, तर पोलिशमध्ये त्याची भेटवस्तू झाली. आपण लोटलेले दार पलीकडे कोणाला तरी भेट म्हणून मिळते, या विचाराने तो इतका भारावला, की घड्याळ चालू असल्याचे विसरला. रिशार्ड पटावरची वाकडी अक्षरे सरळ करायला हात पुढे करतात, तोच त्याने घाईने ‘वारा’ टाकला. रिशार्डनी चटका बसल्यासारखा हात मागे ओढला. पोलिशमध्ये ‘वारा’ म्हणजे खबरदार, हात लावाल तर!

क्षितिज सपाटून हरला. उरलेल्या तिघांनी आपापले डाव जिंकल्यामुळे टीम मात्र पुढे गेली.

"मुलगा कवी आहे," रिशार्ड बाईंना इंग्रजीत म्हणाले. "आई, म्हातारी, शिक्षा, भेट. आणि शेवटी मलाच दम!"

जेवणाच्या टेबलापाशी एका गुलाबी गालांच्या माणसाने क्षितिजला बीटाचे गरम सार वाढले.

"मी मारेक," तो म्हणाला. "छान खेळलास हं!"

"तुम्हाला फ्लू झालाय ना?"

मारेकने बाईंकडे पाहिले आणि तो घाईघाईने सार ढवळू लागला.

क्षितिजने सगळे धैर्य एकवटले. "बाई, मला पोलिश येत नाही."

"ठाऊक आहे की," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "माझं मांजर मेलं म्हणून मी रडत होते, तेव्हाही तू हो, हो, म्हणत होतास."

"मग रोज माझ्याशी का बोलत होतात?"

"अरे, कोणीतरी तुझ्याशी बोलायला नको का?"

इतक्यात चारी बाजूंनी "पानी बोझेना! पानी बोझेना!" अशा हाका आल्या आणि बाई त्या गर्दीत हसत शिरल्या. क्षितिज सार हातात घेऊन उभा राहिला. त्या घरात एकट्या बाई नव्हत्या. एकटा तो होता.