शेंगांच्या टरफलांवर चढलेली वाफ

"दार लावा! माझ्या बॉयलरला सर्दी झाली तर काढा कोण पाजणार?"

सिद्रामप्पा ओरडत होते आणि बाहेर सोलापूरचं ऊन पत्रे वितळवत होतं. आमच्या चादरींच्या रंगखान्यात बॉयलर सांभाळणारे ते, अन् मी कारकून. बॉयलरला शिव्या मराठीत, विनवण्या कानडीत, हा त्यांचा नियम. "मराठी त्याला कळतं, पर ऐकत न्हाय," म्हणायचे.

चौऱ्याहत्तर साल असावं. कोळसा असा गायब झाला, की सोनाराकडे चौकशी करावी. शेवटी मालक म्हणाले, "अप्पा, आज वाफ चढली नाही तर संध्याकाळी कुलूप. चाळीस माणसं घरी बसतील."

अप्पांनी शेजारच्या तेलगिरणीमागचा टरफलांचा डोंगर दाखवला. "ते जाळू की."

मालक हसले, "उद्या म्हणाल, शेंगाचटणीवर मोटार चालते."

पहिल्या पाट्या भट्टीत पडल्या, भक्कन पेटल्या अन् विझल्या. धूर एवढा, की पार होटगी गावातल्या कोंबड्या शिंकल्या. रंगारी खोकत विचारायचे, "अप्पा, शिजलं का?"

अप्पांनी राख ओढून काढली. भट्टी निवू दिली. टरफलं भरडायला लावली. मग मागाचा जाड लाकडी रूळ आणून भट्टीच्या जाळीवर उभा धरला, भोवती तो भरडलेला भुसा टाकून स्वतः आत शिरून पायांनी तुडवला अन् रूळ अलगद वर ओढून घेतला. मधोमध विहिरीसारखं भोक राहिलं. खालून काडी लावली.

"बारप्पा, बा," ते बॉयलरला कानडीत 'ये बाबा, ये' म्हणत चुचकारू लागले.

तासाभरात काटा हलला. दुपारपर्यंत वाफ अशी चढली, की भोंगा ऐकून अक्कलकोट रोडवरचे बैल जागच्या जागी सलाम ठोकू लागले. हौद उकळले, लाल रंग चढला. महिनाभरात, ज्या टरफलांकडे गाढव बघत नव्हतं, त्यांच्या गाड्यांची रांग साऱ्या रंगखान्यांपुढे लागली. बडे इंजिनियर येऊन अप्पांच्या भट्टीत वाकून बघून गेले.

मालकांनी सगळ्यांसमोर हार घातला. "अप्पा, ही विद्या शिकलात कुठं?"

"आमची मंडळी शेगडी अशीच भरायची की. मदी बाटली धरून. मी हितं तीस वर्सं कोळसा जाळला, तिला घरी भुसाच. एका भरण्यात दोन्ही वेळचं रांधायची."

"मग उद्या घेऊन या त्यांना. सगळ्यात भारी चादर त्यांच्या अंगावर घालू."

अप्पांनी हार काढून खुंटीला अडकवला.

"दोन वर्सं झाली तिला जाऊन, मालक. दुसऱ्या हौदात वाफ सोडू का?"